मोगऱ्याची छाटणी संक्रांतीनंतर

चैत्रात मोगरा भरभरून हवा असेल तर काम पौष-माघातच करावं लागतं. पुण्यात थंडी पडली की मोगरा थबकतो, खालची पानं पिवळी पडतात. झाड गेलं असं समजून पाणी वाढवू नका. वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय मी पाणी घालत नाही.

संक्रांत झाली की कात्री घ्या. वाळक्या फांद्या बुडापासून काढा, बाकीच्या तिसऱ्या हिश्शाने छाटा, काप पानांच्या जोडीच्या जरा वर. हात आखडू नका: कळ्या नव्या फुटीच्या टोकालाच येतात. मग कडेची माती उकरून मूठभर शेणखत घाला. थोड्याच दिवसांत पेरावर समोरासमोर दोन पोपटी कोंब दिसतात. ते बघायला मी सकाळी चहाचा कप घेऊनच गॅलरीत जाते.

ऊन मात्र जागा बदलतं. आमच्या कोथरूडच्या दक्षिणेकडच्या गॅलरीत जानेवारीत ते पार दारापर्यंत येतं; मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर, आत ऊनच नाही. म्हणून होळीनंतर कुंडी कठड्यालगत सरकवा. फुलं ओसरली की शेंडे खुडा, पुन्हा बहर येतो. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा.