लांगटांग, गोसाईकुंड, हेलंबू : या चुका टाळा

काठमांडूच्या उत्तरेला, तिबेटच्या सीमेलगत असलेल्या लांगटांग खोऱ्यातून वर चढायचे, खोरे अर्धेअधिक उतरून गोसाईकुंडाच्या पवित्र सरोवरांकडे वळायचे आणि लौरीबिनाची खिंड ओलांडून हेलंबूच्या बौद्ध गावांमधून सुंदरीजलला बाहेर पडायचे, अशी ही नेपाळमधली सुमारे दोन आठवड्यांची वाट आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या मानाने इथे गर्दी कमी असते, तिकडच्यासारखे लुक्लाच्या विमानावर अवलंबून राहावे लागत नाही आणि जवळजवळ प्रत्येक मुक्कामी छप्पर व गरम जेवण मिळते, म्हणून अनेक जण ही वाट सोपी धरून चालतात. त्या समजुतीपोटी होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक चुका घरी बसून वेळापत्रक आखतानाच होऊन गेलेल्या असतात; वाटेवर फक्त त्यांची किंमत मोजावी लागते.

आधी सरोवर गाठण्याची घाई

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हा क्रम उलटा करणे. काठमांडूहून गाडीने रसुवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या धुन्चेला यायचे आणि तिथूनच गोसाईकुंडाची चढण धरायची, हा मार्ग नकाशावर जवळचा दिसतो. परंतु धुन्चे सुमारे २,००० मीटरवर आहे आणि गोसाईकुंड ४,३८० मीटरवर, त्यामुळे एक-दोन मुक्कामांत शरीराला सव्वादोन हजार मीटरहून अधिक उंची झेलावी लागते. श्रावणातल्या जनै पूर्णिमेला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेच्याच दिवशी, हजारो भाविक याच वाटेने पर्वस्नानासाठी वर जातात. या यात्रेकरूंवर केलेला एक वैद्यकीय अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या भाविकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना उंचीचा त्रास झालेला आढळला आणि मेंदूला सूज येण्यापर्यंत मजल गेलेले रुग्णही थोडेथोडके नव्हते. यात्रेच्या दिवसांत हिमालयन रेस्क्यू असोसिएशन सरोवरापाशी तात्पुरते आरोग्य शिबिर चालवते, ते याच कारणाने.

गोसाईकुंडाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो आणि प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, श्वास खोल आणि जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातील रसायनांचा तोल पुन्हा साधतात. पण या सगळ्याला दिवस लागतात आणि उत्तम दमसास किंवा सह्याद्रीतला वर्षानुवर्षांचा सराव ते दिवस कमी करू शकत नाही. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे आणि या ट्रेकचे सुरुवातीचे गाव स्याफ्रूबेसी त्याहून थोडेच खाली, सुमारे १,५०० मीटरवर आहे. महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्याजवळची उंची हा इथे पायथा असतो, ही एकच गोष्ट नीट ध्यानात घेतली तरी वेळापत्रक आखताना हात आपोआप सैल सुटतो.

म्हणून आधी लांगटांग खोरे आणि मगच सरोवर, हा क्रम पाळावा. त्यातही एक खोच आहे. प्रचलित वेळापत्रकात पहिला मुक्काम लामा हॉटेल या ठिकाणी, सुमारे २,४७० मीटरवर आणि दुसरा थेट लांगटांग गावात, सुमारे ३,४३० मीटरवर असतो. ही एका दिवसाची उडी साडेनऊशे मीटरची होते आणि या वाटेवर अनेकांना पहिली डोकेदुखी त्याच संध्याकाळी जाणवते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, हा सर्वमान्य नियम आहे. तो पाळायचा तर मध्ये घोडातबेला किंवा थांगस्याप येथे एक रात्र काढावी. असा मुक्काम वाढवायला सांगितला की ‘एक दिवस वाया जातो’ अशी कुरकुर होते, पण माझ्या मते संपूर्ण ट्रेकमध्ये याच्याइतका सत्कारणी लागणारा दुसरा दिवस नाही. पुढे क्यांजिन गोम्पा (गोम्पा म्हणजे बौद्ध मठ) येथे, सुमारे ३,८७० मीटरवर, किमान दोन रात्री राहावे आणि मधल्या दिवशी क्यांजिन री हे शेजारचे शिखर चढून परत खाली झोपायला यावे. ४,९८४ मीटरचा त्सेर्को री हा त्याहून मोठा पल्ला आहे. आदल्या रात्री झोप नीट लागली असेल आणि डोके शांत असेल, तरच त्याचा विचार करावा.

क्यांजिनहून परत फिरल्यावर ठूलो स्याफ्रू गावाशी आपण पुन्हा सव्वादोन हजार मीटरपर्यंत खाली उतरतो, तेव्हा कमावलेली सवय गेली की काय अशी शंका येते. ती काही दिवस टिकते. पण त्या भरवशावर ठूलो स्याफ्रूहून एका दमात लौरीबिना याक ही सरोवराखालची वस्ती गाठू नये. सिंग गोम्पा ऊर्फ चंदनबारी, मग लौरीबिना याक आणि तिसऱ्या दिवशी सरोवर, असे तीन टप्पे करावेत. तिसरा टप्पा अवघ्या काही तासांचा असतो, त्यामुळे सरोवरापाशी दुपारपर्यंत पोहोचून वाऱ्यापासून आडोसा शोधायला वेळ मिळतो.

डोके दुखू लागले तर

त्रास होणे हा दोष नाही, तो लपवणे ही चूक आहे. गटातल्या इतरांचा खोळंबा नको म्हणून, किंवा पित्त झाले असेल, चहा घेतला की उतरेल, अशी मनाची समजूत घालून लोक पुढे चालत राहतात. तीन हजार मीटरच्या वर डोके दुखत असेल आणि सोबत मळमळ, चक्कर, अन्नावरची वासना जाणे किंवा विलक्षण थकवा यांपैकी काही असेल, तर दुसरे ठोस कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा. अशा वेळी त्याच मुक्कामी थांबावे, एक मीटरही वर चढू नये आणि एका रात्रीच्या विश्रांतीने उतार पडला नाही तर खाली यावे. वाटेवरच्या लॉजमध्ये लसणाचे सूप आग्रहाने दिले जाते. ते गरम असते आणि पोटात पाणी जाते एवढा त्याचा उपयोग खरा, पण त्याला औषध मानून वर जाऊ नये. उंचीच्या त्रासावरच्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या काही जणांना उपयोगी पडतात, मात्र त्यांची मात्रा, सल्फा औषधांची अॅलर्जी आणि चालू असलेली इतर औषधे यांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

धोक्याच्या दोन खुणा प्रत्येकाने पाठ कराव्यात. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगितल्यावर माणसाचा तोल जात असेल किंवा तो असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यावी. बसल्या जागी धाप लागत असेल आणि खोकला वाढत असेल, तर फुप्फुसात पाणी साठत असल्याची. दोन्ही परिस्थितींत सकाळची वाट न पाहता, विजेऱ्या घेऊन, सोबत धडधाकट माणूस देऊन त्याला खाली उतरवायचे असते. एकट्याला पाठवायचे नसते.

गोसाईकुंडाशी इथे एक नेमकी चूक घडते. खिंडीपलीकडचा मुक्काम फेदी ३,७४० मीटरवर असल्यामुळे ‘पुढे गेले की उतारच आहे’ असे म्हणून आजारी माणसाला पुढे नेले जाते. परंतु फेदीला जायचे तर आधी सव्वादोनशे मीटरहून अधिक चढून सुमारे ४,६१० मीटरची लौरीबिना खिंड पार करावी लागते आणि त्यानंतरची उतरण दगडाळ व एकाकी आहे. परतून लौरीबिना याक आणि सिंग गोम्पाकडे उतरणे हाच अशा वेळचा मार्ग. ठरलेला ट्रेक अपुरा राहिला तरी चालेल. हाच नियम भरियालाही लागू आहे. आपले सामान वाहणारा माणूस ‘इथलाच’ म्हणून त्याला त्रास होत नाही, हा गैरसमज आहे. अनेक भरिये सखल गावांतून येतात, त्यांच्याकडे पुरेसे गरम कपडे आहेत का हे काठमांडूतच पाहावे आणि तो आजारी पडला तर त्याच्यासोबतही कोणीतरी उतरावे.

पर्वस्नानाविषयी श्रद्धेने पण स्पष्ट बोलले पाहिजे. हलाहल प्राशन केल्यावर दाह शमवण्यासाठी महादेवांनी त्रिशूळ मारून इथे पाणी काढले, अशी कथा आहे आणि त्रिशूली नदीचे नावही त्याच कथेशी जोडलेले आहे. तिथवर जाऊन डुबकी न मारता परतणे अनेकांना जड जाते. तरी संध्याकाळी, घामेजलेल्या अंगाने किंवा डोके दुखत असताना पाण्यात उतरू नये. ऊन असेल तेव्हा क्षणभर उतरून लगेच अंग कोरडे करावे, नाहीतर पाणी मस्तकी लावावे. साबण, निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या आणि कपडे धुणे पूर्णपणे टाळावे. गोसाईकुंड व परिसरातील सरोवरे २००७ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत आणि अनेक भाविकांच्या दृष्टीने ते पाणी म्हणजे प्रत्यक्ष दैवत आहे.

खिंड आणि हवामान

दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आकाश निरभ्र असते हे खरे. पण बंगालच्या उपसागरातले वादळ त्याच काळात हिमालयापर्यंत पोहोचू शकते. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा परिसरात अचानक प्रचंड हिमवृष्टी केली आणि थोरोंग ला खिंडीच्या आसपास ४० हून अधिक माणसे दगावली. त्यामुळे उपसागरात वादळाची बातमी असेल तर खिंडीचा दिवस पुढे ढकलावा. खिंड ओलांडायला पहाटे निघावे, कारण दुपारनंतर धुके चढते आणि फेदीच्या बाजूची वाट दिसेनाशी होते.

बर्फ पडू लागला आणि खुणा बुजल्या तर आल्या वाटेने मागे फिरावे. ओढ्याच्या काठाने खाली उतरण्याचा ‘जवळचा मार्ग’ कधीही घेऊ नये, कारण या बाजूचे ओढे कड्यांत जाऊन संपतात. १९९१ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा जेम्स स्कॉट हा वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी याच परिसरात हिमवृष्टीत वाट चुकला आणि ४३ दिवसांनी हेलिकॉप्टरमधून दिसला तेव्हाच त्याची सुटका झाली. तो वाचला हे त्याचे भाग्य. फेदी ते घोप्ते आणि थारेपाटी हा टप्पा उंचीने कमी दिसतो, म्हणून त्याला हलके लेखले जाते. प्रत्यक्षात सतत चढउतार, कोसळलेल्या दरडी आणि निसरडे दगड यांमुळे तो या वाटेवरचा बहुधा सर्वांत थकवणारा दिवस ठरतो. गुडघ्यांसाठी दोन काठ्या आणि मार्चच्या सुरुवातीला किंवा नोव्हेंबरनंतर जाणार असाल तर बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स सोबत असावेत.

कागद, पैसे आणि रस्ता

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावे लागते. केवळ आधार कार्डावर विसंबून विमानतळ गाठू नये. लांगटांग राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश परवाना घेताना सार्क देशाचा नागरिक असल्याचा पुरावा दाखवावा, दर कमी पडतो. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरने परवानाधारक गाइड सोबत घ्यावा असा नियम आहे आणि खिंड ओलांडायची असेल तर नियम नसता तरी मी तोच सल्ला दिला असता. ड्रोनची परवानगी नसेल तर तो घरीच ठेवावा. नेपाळी रोकड काठमांडूतच घ्यावी. भारतीय एका रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे, तेवढाच हिशेब धरावा. विमा उतरवताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात येतो का, हे लेखी विचारून घ्यावे.

स्याफ्रूबेसीचा रस्ता दरडींचा आहे. ८ जुलै २०२५ ला भोटेकोशी नदीच्या पुरात रसुवागढीचा, चीनच्या सीमेवरचा मितेरी पूल वाहून गेला, यावरून त्या नदीच्या काठी पावसाळ्यात काय होऊ शकते याची कल्पना यावी. परतीच्या विमानाआधी काठमांडूत दोन मोकळे दिवस नसतील तर खिंडीवर घाई होते, आणि तिथली घाई वर सांगितलेल्या सगळ्या चुकांना एकदमच बोलावते.

गावांमधून जाताना

लांगटांग गावात पोहोचण्यापूर्वी दगडगोट्यांचे एक विस्तीर्ण पठार ओलांडावे लागते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून कोसळलेल्या बर्फ आणि खडकांखाली जुने गाव इथेच गाडले गेले आणि खोऱ्यात ३०० हून अधिक माणसे मरण पावली. त्या राशीवर बसून डबा खाणे, ओरडणे, उड्या मारत छायाचित्रे काढणे हे प्रकार अजाणता होतात, पण आपल्याला चहा देणाऱ्या घरातलीच माणसे त्याखाली असू शकतात. जवळच स्मारक आहे. तिथे शांत उभे राहावे. भूकंपाविषयी लोकांना खोदून विचारू नये, त्यांनी आपणहून सांगितले तर ऐकावे.

मणी मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती आणि छोर्तेन (बौद्ध स्तूप) नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, वाट त्या बाजूने लांब असली तरी. त्यांवर बसू नये, सॅक टेकवू नये, कोरीव दगड आठवण म्हणून उचलू नये. गोम्पात बूट काढून, विचारून जावे. तामांग आणि योल्मो या इथल्या समाजांच्या घरांत चूल पवित्र मानली जाते. तिच्यात कागद, प्लॅस्टिक किंवा उष्टे टाकू नये आणि पाय तिच्याकडे किंवा देव्हाऱ्याकडे पसरून बसू नये. जिथे राहू तिथेच जेवावे, कारण खोलीचे भाडे नाममात्र असते आणि घरमालकिणीची खरी कमाई स्वयंपाकघरातून होते. चिवडा-लाडू वाटेवर खुशाल खावेत, पण स्वतःच्या नूडल्सची पाकिटे देऊन ‘फक्त पाणी उकळून द्या, दीदी’ असे सांगणे बरे नव्हे. क्यांजिनला १९५० च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेले याकच्या दुधाचे चीज मिळते, ते जरूर विकत घ्यावे.

शेवटची चूक हेलंबूत होते. खिंड पार झाली की ट्रेक संपला असे मानून बरेच जण थारेपाटीहून कुटुमसांग, चिसापानी करत सुंदरीजलला धाव घेतात. हिमालयातल्या बौद्धांसाठी हेलंबू, म्हणजे योल्मो, ही गुप्त पवित्र भूमी आहे आणि तिबेटी संत मिलारेपाने इथे साधना केल्याची परंपरा आहे. दोन दिवस हाताशी असतील तर थारेपाटीहून पूर्वेला मेलम्ची गावात उतरावे, पलीकडे तार्केघ्यांगला मुक्काम करावा आणि सेर्माथांगच्या बाजूने गाडीरस्त्याला लागावे. मेलम्ची गावापर्यंतची उतरण हजार मीटरहून अधिक आणि जंगलातून आहे, त्यामुळे त्या दिवशी थारेपाटी सकाळी लवकर सोडावे आणि पाण्याच्या बाटल्या तिथेच भरून घ्याव्यात.