हिरवळीतील तण काढूनही परत येते? या चुका टाळा

घरापुढच्या हिरवळीत तण वाढले की बहुतेक जण ते उपटतात किंवा त्यावर तणनाशक फवारतात, आणि काही आठवड्यांत त्याच ठिकाणी नवे तण उभे राहिलेले पाहून निराश होतात. गवत विरळ झालेल्या जागेत तणाला वाव मिळतो. तण काढल्यावर ती जागा मोकळीच राहिली, तर जमिनीत पडून असलेले पुढचे बी तिथे रुजते. हे बी किती काळ तग धरू शकते, याचे एक विलक्षण उदाहरण आहे. अमेरिकेतील मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये निरनिराळ्या वनस्पतींचे बी वाळूत मिसळून, बाटल्यांत भरून जमिनीत पुरून ठेवले होते. त्यांतील एक बाटली २०२१ मध्ये उकरून काढली, तेव्हा तिच्यातील काही बी १४२ वर्षांनंतरही उगवले. बियांचा हा साठा पूर्णपणे संपवणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, परंतु त्याला उजेड आणि जागा मिळू न देणे शक्य आहे, आणि ते काम दाट गवतच करते.

म्हणूनच माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गवत फार खाली कापणे. वारंवार कापावे लागू नये म्हणून अनेक जण यंत्राचे पाते अगदी जमिनीलगत आणतात. त्यामुळे गवताची मुळे उथळ राहतात, माती उघडी पडते आणि उजेडाशिवाय न रुजणाऱ्या अनेक तणांच्या बियांना हवा तो उजेड मिळतो. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. थंड हवामानातील बहुतेक गवते साधारण ६ ते ८ सेंटीमीटर उंच ठेवावीत. हरळीसारखी उष्ण हवामानातील गवते २.५ ते ५ सेंटीमीटरवरही चांगली दाट राहतात. यंत्राच्या पात्याला धार नसेल तर गवताचे शेंडे फाटतात, आणि असे गवत दुबळे होते.

पाण्याच्या बाबतीतही असेच घडते. रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्याने मातीचा वरचा थर सतत ओला राहतो आणि त्याचा लाभ नुकत्याच रुजणाऱ्या तणाला मिळतो. त्याऐवजी ओलावा सुमारे १५ सेंटीमीटर खोल जाईल इतके पाणी एकदम द्यावे व वरची माती सुकू लागल्यावरच पुन्हा द्यावे. पायवाटेमुळे माती घट्ट झाली असेल तर ती आधी भोके पाडून मोकळी करावी, कारण घट्ट मातीत गवत माघार घेते आणि काटक तण तग धरते.

तण न ओळखता उपाय करणे ही दुसरी मोठी चूक. रुंद पानांची तणे, गवतवर्गीय तणे आणि लव्हाळा हे तीन वेगळे गट आहेत व एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. लव्हाळा दुरून गवतासारखाच दिसतो, पण त्याची फुलोरा धरणारी काडी बोटांत फिरवून पाहिली तर तिच्या तीन कडा स्पष्ट जाणवतात. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. वरचा कोंब ओढला की तो तुटून हातात येतो, गाठी मात्र खालीच राहतात आणि त्यांतून पुन्हा कोंब फुटतात. यावर उपाय चिकाटीचा आहे: प्रत्येक नवा कोंब पाच-सहा पाने येण्याआधीच काढत राहावे, म्हणजे गाठीतील अन्नसाठा हळूहळू खर्च होतो आणि नव्या गाठी धरत नाहीत. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, त्यामुळे दाट आणि उंच गवत इथेही मदतीला येते.

हाताने तण काढायचे असेल तर जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना काढावे. कोरड्या मातीत सोटमूळ मध्येच तुटते आणि उरलेल्या तुकड्यातून रोप पुन्हा फुटते. तण बी धरण्यापूर्वी काढणेही तितकेच महत्त्वाचे आहे. घोळ या रसाळ तणाची उपटलेली रोपे तिथेच टाकून देऊ नयेत. त्यांच्या फांद्यांचे तुकडे ओल्या मातीत पुन्हा मुळे धरतात.

मीठ टाकणे मात्र पूर्णपणे टाळावे. मिठाने तणाबरोबर गवतही मरते आणि माती दीर्घकाळ नापीक होऊ शकते. घरगुती व्हिनेगरने पाने जळतात, पण बहुवर्षायू तणाची मुळे जिवंत राहतात.

तणनाशक वापरायचे ठरवलेच, तर ते निवडक, म्हणजे गवत राखून ठरावीक तणेच मारणारे, आहे का हे लेबलवर आधी पाहावे. ग्लायफोसेट हे तणनाशक बिननिवडक असल्यामुळे तणासोबत हिरवळही वाळवते. २,४-डी हे तणनाशक रुंद पानांच्या तणांवर चालते आणि बहुतेक हिरवळीच्या गवतांना सोसते, परंतु वाऱ्याने उडालेले त्याचे तुषार टोमॅटोसारख्या झाडांची पाने वेडीवाकडी करतात. त्याच्यासाठी फवारणी पंपही वेगळा ठेवावा. फवारणी करूनही तण मरत नसेल तर ते पाण्याअभावी सुकत होते का, फवारणीनंतर लगेच पाऊस पडला का आणि फवारणीच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी गवत कापले गेले का, हे तपासावे. या तिन्हींमुळे औषध मुळांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. परिणाम दिसेना म्हणून मात्रा वाढवणे धोक्याचे आहे. उगवणपूर्व, म्हणजे बी रुजण्याआधीच रोखणारे, तणनाशक टाकलेल्या जागी गवताचे बीही रुजत नाही, हेही लक्षात ठेवावे.

तण काढल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेत लगेच त्याच जातीच्या गवताचे बी किंवा ठोंब लावावेत, आणि त्यावर पूर्ण कुजलेलेच खत घालावे. कच्च्या शेणखतातून नव्या तणाचे बी येते. दाट झाडाखाली वारंवार लावूनही गवत टिकत नसेल, तर तिथे सावलीत वाढणारी दुसरी झाडे लावणे शहाणपणाचे. निम्म्याहून अधिक हिरवळ तणाने व्यापली असेल तर ठिगळे लावत बसू नये. ती जागा संपूर्ण साफ करून पाणी द्यावे, दोन-तीन आठवड्यांत जे तण उगवेल ते माती खोल न उकरता काढावे, हेच आणखी एकदा करावे आणि त्यानंतरच नवे गवत लावावे.