पैठणी विणकराचे व्यक्तिचित्र कसे टिपावे

येवल्यातील पैठणी विणकराकडे गेल्यावर पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच ठेवावा. छायाचित्र कशासाठी आणि कुठे वापरणार हे सांगून संमती घ्यावी, आणि पदरावरचा मोर विणताना त्याची बोटे धागे कसे उचलतात ते पाहावे, कारण त्याची कथा चेहऱ्याइतकीच हातांतही असते. मागाच्या खोलीत उजेड कमी असला तरी फ्लॅश टाळावा. ३५ मिमीचे भिंग, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६००, १/१२५ सेकंदाचा शटरवेग आणि खिडकीतून येणारा तिरपा प्रकाश बहुधा पुरतो. (‘जरा हसा’ म्हणणे मला तरी अपराधच वाटतो.) एक चौकट माग आणि घर सामावणारी, एक अगदी जवळची घ्यावी. छायाचित्राखालचा मजकूर विणकराच्याच शब्दांत लिहावा व त्याला वाचून दाखवूनच प्रसिद्ध करावा.