अ‍ॅल्युमिनियमच्या लहान बोटीला आतून स्प्रे-कोटिंग कसे करावे

अमेरिका-कॅनडात तळ्यांवर मासेमारीसाठी सपाट तळाची, १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची जॉन बोट सर्रास वापरतात. गोड्या पाण्यात तिला आतून रंगाची तशी गरज नसते. हवा लागताच पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच पत्र्याला जपतो. तरी पिकअप ट्रकच्या हौद्यात मारतात ते दोन भागांचे पॉलियुरेथेन कोटिंग बोटीतही मारतात, ते पाय घसरू नये, पत्र्यावरची तिरीप डोळ्यांवर येऊ नये आणि सामान सरकल्याचा खणखणाट कमी व्हावा म्हणून. गळती थांबवायला मात्र ते मारू नका. गळका रिव्हेट झाकला तरी पाणी खालून येतच राहते, थराखाली अडकते आणि तिथला पत्रा पांढरी भुकटी होऊन झिजतो.

म्हणून आधी गळती शोधा. बोट ट्रेलरवरच, तळाला नीट टेकू देऊन ठेवा, बूच लावा आणि आत दोनच इंच पाणी भरा. तेवढ्याचेच वजन अडीचशे किलोच्या आसपास होते, त्यामुळे जास्त भरायचा मोह नको. खाली वाकून जिथे थेंब धरतो तिथे खूण करा. सैल रिव्हेट पुन्हा ठोकायला दोघे लागतात: एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून हातोडी मारायची. रिव्हेट बदलावाच लागला तर बंद टोकाचा घ्या. साध्या पॉप रिव्हेटच्या मधल्या भोकातून पाणी झिरपते. सांध्यांना बोटीचे पॉलियुरेथेन सीलंट लावा आणि डब्यावर लिहिले असेल तितके दिवस सुकू द्या. सिलिकॉन अजिबात नको, त्यावर कुठलाच रंग धरत नाही.

कोटिंग सुटते ते बहुतेक वेळा तयारी कमी पडल्यामुळे. जुना, पापुद्रे सुटलेला रंग काढा. सगळा पत्रा डिग्रीझरने धुवा. माशांचे तेल आणि इंजिनाचे ऑइल रिव्हेटांच्या कडेला चिकटून बसलेले असते, तिथे नायलॉनचा ब्रश चालवा. साधा लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे तिथेच गंज-खड्डे पडतात. मग ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा. साफ झाले की नाही ते पाण्यानेच कळते: स्वच्छ पाणी ओतल्यावर ते सलग पसरले तर ठीक, कुठे फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे. पूर्ण वाळू द्या. कण्यांच्या (तळाला आडव्या बसवलेल्या आधारपट्ट्यांच्या) खालचे आणि सांध्यांतले पाणी उशिरा सुकते. शेवटी अ‍ॅसिटोनने पुसा, दर थोड्या वेळाने फडके बदलून.

घासलेल्या पत्र्यावर ऑक्साइड लगेच परत धरू लागतो, म्हणून त्याच दिवशी सेल्फ-एच प्रायमरचा (आम्लामुळे पत्र्याला घट्ट धरणाऱ्या अस्तराचा) एक पातळ हात द्या. जाड हात कमकुवत होतो. प्रायमर कोटिंगच्या कंपनीने चालेल म्हटलेलाच घ्या.

झाकाझाकी आता. बुचाच्या आट्या, वायरी आणि नोंदणी क्रमांकाची पट्टी टेपने झाका. तळातल्या कण्यांना पाणी वाहायला छोटी भोके असतात. त्यांत कानात घालायचे फोमचे बोळे बसवा, नाहीतर ती बुजतात आणि पुढे पाणी कण्यांमध्ये तुंबते.

रॅप्टर या ब्रँडसारख्या, कोटिंग आणि ते घट्ट करणारा हार्डनर असलेल्या ४ लिटरच्या किटमधून एका हातात साधारण १२५ चौरस फूट होतात. बाजू आणि बाक धरून या बोटीचा आतला भाग १५० च्या आसपास भरतो, तेव्हा दोन किट घ्या: सगळ्याला एक हात, तळाला दुसरा. प्रमाण तीनास एक: कोटिंगच्या ७५० मिलीच्या बाटलीत २५० मिली हार्डनर, दोन मिनिटे नीट हलवून. एकावेळी एकच बाटली कालवा. २० अंशांना ती तासाभरात घट्ट होऊ लागते, उन्हाळ्यात त्याआधीच.

शुट्झ गनला (बाटलीला जोडून जाड कोटिंग फवारायच्या हवेच्या गनला) ४० ते ६० पीएसआय दाबाची हवा द्या, गन पत्र्यापासून हातभर लांब धरा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्या. दाब कमी केला की पोत खरखरीत होतो. आधी कोपरे आणि बाकांच्या खालची बाजू, मग बाजू, शेवटी तळ, पुढून मागे येत. दोन हातांमध्ये साधारण तासभर थांबा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क निरुपयोगी. बाहेरून हवा पुरवणारा मास्क उत्तम, निदान सेंद्रिय वाफांच्या फिल्टरचा तरी घ्या. दाढी असेल तर फिल्टरचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. शेडची दारे सताड उघडी ठेवा, हातमोजे आणि चष्मा वापरा.

थर अजून मऊ असतानाच टेप काढा. कडक झाल्यावर ओढली तर कडा फाटते. फोमचे बोळेही तेव्हाच काढा. हलका वापर दुसऱ्या दिवसापासून करता येतो, पण थराला पूर्ण ताकद यायला आठवडा द्या.

तळावर लाकडी फळी टाकायची असेल, तर तांबेयुक्त प्रक्रिया केलेले प्लायवुड अजिबात घेऊ नका. ओल्या पत्र्याला तांबे लागले की पत्रा खाल्ला जातो, आणि थराला ओरखडा पडलेला असेल तर नेमका तिथेच. साधे मरीन प्लायवुड घ्या, त्याला इपॉक्सीचा हात द्या. आणि ओरखडा दिसलाच तर ८० नंबरने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, उघड्या पत्र्यावर आधी प्रायमर आणि मग त्याच कोटिंगचा हात लहान रोलरने द्या.