आरएक्सला नवा ब्लॉक घेताय? सीसी नंतर बघा, आधी पोर्ट बघा

यामाहा आरएक्स १०० चा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, गेला की पहिला सल्ला हमखास ठरलेला, आरएक्स १३५ चा टाक नाहीतर बाहेरचा मोठा बोअर किट टाक. माझं मत उलटं आहे. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे हेडमधले व्हॉल्व्ह नसतात, गाडी खालून ओढणार की वर जाऊन पळणार हे ब्लॉकच्या भिंतीतल्या पोर्टवर, म्हणजे गॅस आत-बाहेर जाण्याच्या भोकांवर ठरतं, त्यामुळे त्याच सीसीचे दोन ब्लॉक लावले तरी दोन वेगळ्या गाड्या चालवल्यासारखं वाटतं.

आणि त्याच्याही आधी, नवा ब्लॉक खरंच लागतोय का ते बघा. आपल्या आरएक्सचा ब्लॉक अल्युमिनियमचा आणि आत बिडाची स्लीव्ह (नळी), म्हणजे बोअर (आतला व्यास) वाढवता येतो. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी ओव्हरसाइझमधे येतात, आणि ते सगळे संपले तरी चांगल्या लेथवाल्याकडून नवी स्लीव्ह बसवून मिळते. मूळ कंपनीचा ब्लॉक फिन (थंड करणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या) न तुटलेला असेल तर तो भंगारात देऊच नका, पोर्टची ती मापं बाजारातल्या बऱ्याच स्वस्त ब्लॉकना जमत नाहीत. शिवाय जुना सीझ का झाला, म्हणजे पिस्टन आत का अडकला, ते शोधा. क्रॅंकचं ऑइल सील, कार्बोरेटरच्या जॉइंटमधून ओढली जाणारी हवा, टूटी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचा पंप, यातलं काही तसंच राहिलं तर नवा ब्लॉकही त्याच वाटेने जाणार.

आता घ्यायचाच आहे असं धरू. पुण्यात नाना पेठेत जाताना जुना ब्लॉक बरोबर न्या, जड वाटला तरी न्या, कारण तुलना हातात धरूनच होते. मोबाइलचा टॉर्च आत मारा आणि स्लीव्हची भोकं आणि अल्युमिनियमचे पोर्ट एका रेषेत आहेत का बघा, मधे पायरी असेल तर गॅस तिथेच अडखळतो. मग प्रत्येक पोर्टच्या कडेवरून नख फिरवा. कड धारदार लागली तर चॅम्फर (कडेचा छोटा उतार) मारलेला नाही, पिस्टनची रिंग तिथे अडकून तुटू शकते. चॅम्फर मारून घेता येतो पण स्लीव्ह सरकलेली असेल तर तो पीस घेऊच नका, दुकानदार कितीही म्हणो चालतंय म्हणून.

बोअर व्हर्निअरने मोजून समाधान मानू नका, तो फक्त तोंडाशी मोजतो. बोअर गेजने वर, मधे, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं मोजायचं. वरच्या आणि खालच्या मापात ०.०५ मिमीचा फरक म्हणजे वापरलेल्या ब्लॉकची झीज, नव्यात तो दिसला तर सरळ परत.

सगळ्यात महत्त्वाचं माप मात्र फुकट आहे. ब्लॉकच्या वरच्या तोंडापासून एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेपर्यंत किती मिमी, ते जुन्या आणि नव्यात मोजा. अंतर कमी म्हणजे पोर्ट लवकर उघडतो, पॉवर वरच्या आरपीएमला सरकते आणि खालचा पिकअप जातो. असा ब्लॉक सरळ मोकळ्या रस्त्यावर मजा देईल पण सिंहगडच्या चढावर मागे कुणी बसलं असेल तर सारखा गिअर पाडावा लागेल आणि कर्वे रोडच्या सिग्नलला क्लच जळेल. रोज पुण्यात चालवायची असेल तर स्टॉक उंचीचाच पोर्ट घ्या. एक्झॉस्ट पोर्टची रुंदीही बघा, मधे ब्रिज (आधाराची पट्टी) नसताना बोअरच्या ७० टक्क्यांच्या वर गेली की रिंग बाहेर फुगायला लागते.

परदेशातले क्वाड (चार चाकी) बाइकवाले हेच करतात. यामाहा बॅन्शी या क्वाडचं दोन सिलिंडरचं इंजिन ६४ × ५४ मिमीचं (बोअर × स्ट्रोक, म्हणजे व्यास आणि पिस्टनची धाव), म्हणजे आपल्या राजदूत ३५० च्याच मापाचं. तिची सिलिंडरं पाण्याने थंड होणारी म्हणून आपल्यावर बसत नाहीत, पण निवडताना ती मंडळी आधी ठरवतात की गाडी वाळूच्या टेकड्यांवर न्यायची की जंगलाच्या वाटेवर.

आता सीसी. आरएक्स १०० चं माप ५० × ५०, म्हणजे ९८ सीसी. बोअर ५८ केला की १३२. पण मोठ्या स्लीव्हचा खालचा घेर क्रॅंककेसच्या तोंडात बसतो का, की केस मशीन करावी लागते? केस एकदा कापली की परत येत नाही. आणि आरसीवर जे सीसी आहेत त्यापेक्षा इंजिन वेगळं करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं, आधी आरटीओत विचारा.

निकासिल (निकेलचा कडक थर) कोटिंगचा ब्लॉक उष्णता छान सोडतो, झिजतोही कमी, पण त्याला रीबोअर नाही, खरवडला की पुन्हा कोटिंगच. रोजच्या गाडीला मी बिडाचीच स्लीव्ह सांगेन.

बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंग बोअरमधे एकटी घालून गॅप मोजा, ५० च्या बोअरला निदान ०.२ मिमी हवाच. बेस गॅस्केट जुन्याच जाडीचं लावा, जाड लावलं की सगळे पोर्ट वर सरकतात आणि एवढं मोजलेलं वाया जातं. सोल्डरची तार घालून किक फिरवा आणि दबलेल्या तारेवरून पिस्टन आणि हेडमधली जागा बघा. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) सुरुवातीला एक नंबर मोठाच ठेवा, प्लगचा रंग बघून मग कमी करा. इंजिन पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की हेडचे नट परत टॉर्क रेंचने तपासा, ते थोडे बसलेले असतात.