पोळी-भाजी केंद्राची वही एका खिडकीत: टीकेइंटरने छोटा प्रोग्रॅम कसा बांधावा

दादरच्या एखाद्या पोळी-भाजी केंद्रावर संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवरच्या बाई पोळ्या मोजून कागदात बांधतात, वहीत नाव टिपतात आणि महिन्याच्या गिऱ्हाइकाची बाकीही सांगतात. त्या वहीच्या जागी प्रोग्रॅम आणायचा असेल, तर आधी कागदावर खिडकीचे चित्र काढून त्यांनाच दाखवावे. नाव, पोळ्या, भाजी असे तीन रकाने आणि ‘नोंद करा’ हे एक बटण पुरते. पहिल्याच दिवशी याहून अधिक काही घातले, तर वहीच बरी असे त्या म्हणतील.

टीकेइंटर म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत खिडक्या आणि बटणे बनवण्याचे साधन. पायथनसोबत ते बहुधा येतेच. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर मात्र ते वेगळे बसवावे लागते. मुख्य खिडकी तयार करून तिच्यात लेबल (मजकुराची पट्टी), एंट्री (लिहायचा रकाना) आणि बटण ही विजेट, म्हणजे खिडकीतले घटक, ग्रिड पद्धतीने ओळी-स्तंभांत मांडावीत. एकाच चौकटीत ग्रिड आणि पॅक (घटक एकापाठोपाठ रचणारी) या दोन पद्धती मिसळू नयेत.

बटण दाबल्यावर काय चालवायचे ते सांगणाऱ्या कमांडला फंक्शनचे, म्हणजे ते काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचे, नुसते नाव द्यावे, पुढे कंस लावू नये. मी पहिल्या खेपेस कंस लावला होता. खिडकी उघडण्याआधीच कोऱ्या नावाची नोंद झाली आणि नंतर बटण कितीही दाबले तरी ते ढिम्म.

खरी मेख मेनलूपमध्ये आहे. शेवटी लिहिलेली ही ओळ प्रोग्रॅमला माउसची आणि कळफलकाची वाट पाहत ठेवते, आणि आलेली कामे एका वेळी एकच या हिशेबाने उरकते. त्यामुळे महिनाअखेरीस सगळ्या गिऱ्हाइकांची बिले काढणारे फंक्शन बटणाला थेट जोडले, तर ते संपेपर्यंत खिडकी गोठते आणि काउंटरवरचा माणूस वैतागून संगणकच बंद करतो. असे लांबलचक काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या समांतर धाग्यात, चालवावे, त्याचा निकाल क्यूमध्ये (रांगेत) टाकावा आणि आफ्टर या पद्धतीने दर 100 मिलिसेकंदांनी मुख्य खिडकीने ती क्यू तपासावी. थ्रेडमधून विजेटला परस्पर हात लावू नये.

नोंदी एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवाव्यात. रक्कम दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावी, कारण फ्लोट या संगणकी दशांश प्रकारात 0.1 आणि 0.2 यांची बेरीज नेमकी 0.3 येत नाही.

दुकानात पायथन बसवत बसण्यापेक्षा पायइन्स्टॉलर या साधनाने थेट चालणारी तयार फाइल करून द्यावी. विंडोजची फाइल विंडोजवरच बनवावी लागते, हे मॅक वापरणाऱ्यांना फार उशिरा कळते.

शेवटचे काम लहानसे, पण ते सोडू नये. बाइंड या पद्धतीने रिटर्न (एंटर) ही कळ नोंदीच्या फंक्शनला जोडावी, आणि नोंद होताच रकाने पुसून कर्सर पुन्हा नावाच्या रकान्यात आणून ठेवावा. काउंटरवरच्या बाईंचा एक हात पिठाने माखलेला असतो, माउस धरायला तो मोकळा नसतो.