पिस्तूल अडकतं की आपण अडकवतो? पॉइंट टू-टूवाल्यांनो, या चुका टाळा

मृगाची पहिली सर येऊन गेली की नेमबाजीच्या रेंजवर तक्रारींचा पाऊस सुरू होतो. कुणाची पुंगळी (उडालेल्या गोळीचं रिकामं कवच) बाहेर पडत नाही, कुणाचा बोल्ट (गोळीच्या मागे पुढे-मागे सरकणारा लोखंडी ठोकळा) अर्ध्यात थांबतो, कुणाचं मॅगझिन बसत नाही. आणि ज्याने आजवर बोल्ट एकदाही काढून पाहिलेला नाही, तोच सगळ्यात आधी म्हणतो, "काका, पिस्तूल बदलायला पाहिजे." नाचता येईना, अंगण वाकडं.

बदलू नका. पार्दिनी असो, वॉल्थर असो की मोरिनी, स्पर्धेची ही पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंची नळीची, पिस्तुलं चांगल्या घरची आहेत. फक्त त्यांच्याकडे जोर मोजका असतो, एवढं डोक्यात ठेवा. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. तिच्यामागे चिमूटभर दारू. ती पेटली की पुंगळी मागे रेटली जाते आणि पुंगळी बोल्टला रेटते. मागे जाताना बोल्टने पुंगळी फेकायची, हॅमर (फायरिंग पिनला ठोका देणारा हातोडा) चढवायचा, स्प्रिंग दाबायची. मग त्याच स्प्रिंगच्या बळावर पुढे येताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या खोबणीत, सारायची. एवढा सगळा संसार त्या चिमूटभर दारूवर चालतो. त्यातला थोडा जोर चिकट तेलाने खाल्ला, थोडा फुगलेल्या लाकडाने, थोडा ढिल्या मनगटाने, की पिस्तूल अडकलंच. बिघाड शोधायचा म्हणजे जोर कुठे खाल्ला जातोय ते शोधायचं. पिस्तूल "ट्यून" करण्याची भाषा त्यानंतर.

तेल: कुठलं, किती आणि कुठे

कोकणात गंजाची भीती खरी आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, खारा वारा बाराही महिने, शिवाय हाताचा घाम. त्यामुळे माणसं घाबरून तेल ओततात. बोल्टवर, चेंबरमध्ये, फायरिंग पिनच्या (गोळीच्या काठावर आपटून ती फोडणाऱ्या सुईच्या) भोकात, एकदा तर मॅगझिनमध्येही ओतलेलं पाहिलं. पॉइंट टू-टूच्या गोळीवर मेण असतं, जळलेल्या दारूची काजळी असते, शिशाचा चुरा असतो. हे सगळं तेलात कालवलं गेलं की बोल्टच्या वाटेत लगदा तयार होतो. शिवाय पातळ तेल शिसं पुंगळीत बसतं त्या सांध्यातून आत झिरपलं तर ती गोळी फुटतच नाही.

यातला कहर मी दिल्लीत पाहिला. तुघलकाबादची कर्णी सिंग रेंज, डिसेंबरची सकाळ. गुहागरकडची एक मुलगी २५ मीटर पिस्तूलला उतरली होती. गुणी पोर, हात स्थिर, घरी गुणही चांगले यायचे. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश मारायच्या पहिल्या टप्प्याच्या, सायटरमध्येच (गुण न धरलेल्या सुरुवातीच्या गोळ्यांत) तिचा बोल्ट आळसावल्यासारखा पुढे यायला लागला. पूर्ण बसायचाच नाही, दोन केसांइतकी फट राहायची, ट्रिगर दाबला की काही नाही. अंगठ्याने ढकलला की बसायचा. कशीबशी ३० गोळ्यांची प्रिसिजन उरकली. पण रॅपिडमध्ये, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात, दर गोळीला लक्ष्य ३ सेकंदच समोर असतं, तिथे बोल्टला ढकलायला वेळ कोण देतो?

दोन टप्प्यांच्या मध्ये तिच्याबरोबर आर्मररच्या (बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या) टेबलाशी गेलो. बोल्ट काढला तर वाटेत काळपट-पांढरा थर, काजळात तूप कालवल्यासारखा. नखाने खरवडला, वास घेतला. ओळखीचा वास!

"हे काय घातलंयस गो?"

"खोबरेल, काका. आजोबांच्या घाण्यावरचं आहे. एकदम शुद्ध."

शुद्ध होतं यात शंकाच नाही. म्हणूनच तर थिजलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास घट्ट होतं. गुहागरला दिवसभर ते पातळच असायचं, म्हणून घरी सगळं सुरळीत. दिल्लीत सकाळी आठ-दहा अंश. बोल्टने काय करावं? आर्मररने सॉल्व्हंटने सगळं पुसून काढलं, बोल्टच्या दोन्ही कडांना गन ऑइलचं एकेक बोट फिरवलं, आणि रॅपिडच्या तीसही गोळ्या विनातक्रार सुटल्या. पदक मात्र प्रिसिजनमध्येच गेलं होतं. आजोबांचं मत आजही तेच आहे: दिल्लीची हवा वाईट.

शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे, दुचाकीचं इंजिन ऑइल, सगळे प्रकार पाहून झालेत. स्प्रे ओलावा घालवायला ठीक, पण त्याचा पातळ भाग उडून गेला की मागे चिकट पापुद्रा राहतो. माझी सवय सांगतो. गन ऑइलचा एक थेंब बोटावर घ्यायचा आणि बोल्ट जिथे घासून चमकतो तिथेच पुसायचा. चेंबर कोरडं. फायरिंग पिनचं भोक कोरडं. मॅगझिन आतून कोरडं. बाहेरच्या लोखंडावर तेलाच्या फडक्याचा एक हात, तोही नेमबाजी संपल्यावर, घाम पुसून.

आणि पिस्तूल पावसाळ्यात फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका. फोम दमट हवा पिऊन बसतो आणि तुमच्या बॅरलला पाजतो. गणपतीनंतर पेटी उघडणाऱ्यांच्या पिस्तुलावर फोमच्या खाचेचा नकाशा गंजात उमटलेला असतो. कोरड्या सुती कापडात गुंडाळा, सोबत सिलिका जेल ठेवा, आणि त्या पुड्या महिन्याला बदला किंवा तापवून वाळवा. वर्षानुवर्षं तीच पुडी ठेवणं म्हणजे मनाचं समाधान.

लाकडी ग्रिप (मूठ) जुलैत वेगळी, जानेवारीत वेगळी

हा आजार घाटावरच्यांना फारसा ठाऊक नसतो. अक्रोडाची ग्रिप युरोपातल्या कोरड्या हवेत घडवलेली असते. आपल्याकडे आषाढात ती फुगते. मग ग्रिपची कड बोल्टला किंवा मॅगझिनच्या खटक्याला घासते, मॅगझिन वर बसल्यासारखं वाटतं पण खटका लागलेला नसतो, आणि पहिल्याच गोळीनंतर ते खाली येतं. स्पर्धेत याला दाद मिळत नाही. मॅगझिन नीट बसवलेलं नसणं हा नियमाप्रमाणे तुमचा दोष.

उतावळी मंडळी लगेच कानस घेऊन बसतात. जुलैत कानस मारली की जानेवारीत ग्रिप खुळखुळते, मग पुटी भरा. आधी पाहा कुठे घासतंय. लोखंडाच्या कडेला खडू फासून ग्रिप बसवा, काढा, लाकडावर जिथे खूण उमटेल तेवढंच बारीक पॉलिश पेपरने घ्या. खरा उपाय त्याच्याही आधीचा आहे. ग्रिपची बाहेरची बाजू पॉलिश केलेली असते, आतलं लाकूड उघडं असतं. मे महिन्यात, लाकूड कोरडं असताना, आतून पातळ वार्निशचा हात द्या. ग्रिपचा मुख्य स्क्रू दर आठवड्याला तपासा. लाकूड आकसलं की तो आपोआप सैल होतो, आणि मग गट (लक्ष्यावरच्या भोकांचा झुबका) का फुटतोय म्हणून लोक सायट (नेम धरायची खूण) फिरवत बसतात.

ट्रिगर

२५ मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा हवा. तपासणीला बॅरल उभं धरून ट्रिगरला अडकवलेलं वजन उचलून पाहतात. नवख्यांना तो बरोबर १००० वर हवा असतो, जणू वरच्या २० ग्रॅमनेच त्यांचा दहा हुकतोय. स्क्रू सैलावतो, स्प्रिंग झिजते, आणि ऐन स्पर्धेत वजन उचललं जात नाही. मग तपासणीच्या टेबलावर घाम पुसत स्क्रू फिरवा. माझ्या हाताखालची पिस्तुलं १०३० ते १०५० च्या मध्ये असतात. त्या फरकाने कुणाचे गुण गेलेले मला दिसले नाहीत.

वजन हा त्यातला साधा भाग. खरा धोका आहे तो सिअर (चढलेला हॅमर अडवून धरणारा खटका) आणि हॅमर एकमेकांना किती धरून बसतात त्याच्याशी खेळण्याचा. एका कॉलेजच्या मुलाने मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरी स्क्रू फिरवले. "काका, आता काच तुटल्यासारखा ब्रेक येतो," म्हणाला; ब्रेक म्हणजे ट्रिगर सुटण्याचा क्षण. आला खरा. सरावाला तिसऱ्या-चौथ्या गोळीला बोट एकदा दाबलं आणि गोळ्या दोन सुटल्या. दुसरी लक्ष्याच्या वर, मातीच्या बांधात. तिथल्या तिथे पिस्तूल रिकामं करून घेतलं आणि आर्मररकडे दिलं. मुलगा रुसला. रुसू दे.

बोल्टच्या धक्क्याने हॅमर निसटणारं पिस्तूल वापरायचं नाही, एक गोळीसुद्धा नाही. आतल्या भागांचं काम परवानाधारक आर्मररचं. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. आर्मररने बसवून दिल्यावर मी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून नेलपॉलिशचा एक ठिपका ठेवतो. ठिपक्याला तडा गेला की समजायचं, स्क्रू हलला, किंवा कुणीतरी हलवला.

स्प्रिंग कापून बोल्ट ओढायला हलका करणाऱ्यांबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. नवी स्प्रिंग मागवा.

गोळ्या

हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जादा वेगाच्या, गोळ्या स्वस्त मिळाल्या म्हणून घालू नका. ही पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी बांधलेली असतात, जास्त जोराने बोल्ट मागे आपटून फ्रेमची वाट लागते. मित्राच्या पिस्तुलात चालणारी गोळी तुमच्यात चालेलच असं नाही. दोन-तीन प्रकार मारून पाहा, जी चालेल ती एकाच लॉटची घ्या. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पाकीट विसरू नका, मेण पाघळतं आणि त्याला वाळू चिकटते. समुद्रावरून थेट रेंजवर येणाऱ्यांना हे विशेष सांगणं.

बारीकसारीक

मॅगझिनवर नंबर घाला. अडकतं ते नेहमी दोन नंबरवरच, असं दिसलं तर पिस्तुलाला हात लावू नका, दोन नंबर बाजूला ठेवा. मॅगझिन फरशीवर पडलं की त्याचे ओठ (गोळ्या धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकतात, पकडीने सरळ करू नका.

गोळ्या भरताना खालच्या गोळीचा काठ वरच्या गोळीच्या काठापुढे गेला तर दोघी एकमेकींत अडकतात. प्रत्येक गोळी मागे सारून बसवा.

ड्राय फायर (बिनगोळीचा ट्रिगरचा सराव) रिकाम्या चेंबरवर करू नका, पिस्तुलात त्यासाठी वेगळी सोय नसेल तर. फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून खड्डा पाडते आणि मग पुंगळी निघत नाही.

बॅरल मागच्या बाजूने साफ करा. पुढून लोखंडी सळई खुपसणाऱ्याला माझ्याकडे चहा नाही.

पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली जमलेलं मेण टूथपिकने काढा. पुंगळी न निघण्याच्या तक्रारी इथेच बऱ्याच मिटतात.

मनगट ढिलं असेल तर वरचं सगळं वाया. एखादं पिस्तूल तुमच्याच हातात अडकत असेल आणि दुसऱ्याच्या हातात चालत असेल, तर उत्तर मिळालं.

फुटली नाही ती गोळी फेकू नका

गोळी फुटली नाही तर पिस्तूल लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा, कधीकधी दारू उशिरा पेटते. मग गोळी काढा आणि भिंग घेऊन तिचा काठ पाहा. फायरिंग पिनचा ठसा खोल आणि नीट असेल तर दोष गोळीचा. ठसा फिकट असेल तर पिनच्या वाटेत घाण आहे, हॅमरची स्प्रिंग थकली आहे, किंवा बोल्ट पूर्ण बसलेला नव्हता. वहीत तारीख, मॅगझिनचा नंबर, कितवी गोळी, ठसा कसा, एवढं लिहा. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी वही मागतो. नसेल तर परत पाठवतो, आणि यावरून माझ्याबद्दल बोललं जातं हेही मला माहीत आहे.

आवाज नेहमीपेक्षा फुसका आला आणि लक्ष्यावर भोक दिसलं नाही, तर तिथेच थांबा. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी मारली तर बॅरल फुगतं, आणि हातही जाऊ शकतो.

स्पर्धेत अडकलं तर

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमारने रजत मिळवलं त्या रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या ४ सेकंदांत माराव्या लागतात. तिथे अडकलेलं पिस्तूल हात घालून सोडवायचा मोह होतोच. घालू नका. मूठ तशीच ठेवा, पिस्तूल लक्ष्याकडे, मोकळा हात वर, आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत बोल्टला बोटही लावू नका. तुम्ही हात घातलात की बिघाड ग्राह्य धरत नाहीत. पुंगळी अडकली, फायरिंग पिन तुटली, ट्रिगर चालूनही चेंबरमधली गोळी फुटली नाही, हे बिघाड ग्राह्य. सेफ्टी काढायची राहिली, गोळ्या कमी भरल्या, किंवा घाईत ट्रिगर पुरता पुढे सोडलाच नाही, तर उरलेल्या गोळ्या शून्य. रॅपिड फायरमध्ये शेवटचा प्रकार सर्रास होतो, आणि दर वेळी पोरं रेंज ऑफिसरला सांगत असतात की पिस्तूल अडकलं.